परतीच्या नळीचे टोपण

गळीत हंगाम तोंडावर आला की आपले सभासद ट्रॅक्टरचे टायर, ब्रेक, ट्रॉलीचा हूक तपासून घेतात. इंजिनावरच्या बारीक परतीच्या नळीकडे मात्र कुणी बघत नाही. तिथून डिझेल झिरपते आणि "थोडं गळतंय, चालतंय की" म्हणत हंगाम काढला जातो.

ही नळी कशासाठी? पंप नोझलला जे डिझेल देतो ते सगळे सिलिंडरमध्ये फवारले जात नाही. थोडे नोझलच्या सुईभोवती झिरपते, सुईला वंगण देते आणि ह्या नळीने टाकीत परत जाते. नोझल ओळीने जोडलेले असतात. शेवटच्या नोझलचे मोकळे टोक टोपणाने बंद करतात. जुन्या इंजिनाचे टोपण दुकानात मिळेलच असे नाही. मग नळीच्या तुकड्यात बोल्ट ठोकला जातो. उष्णतेने रबर सैल पडते आणि बोल्ट निघून येतो.

टर्बोच्या इंजिनाला हे फार धोक्याचे. भरल्या ट्रॉल्या ओढताना टर्बोची एक्झॉस्टकडची बाजू कित्येक शे अंश तापते. डिझेल अडीचशे अंशांच्या आसपास ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते, आणि मागे ट्रॉलीत वाळले पाचट!

असे एक टोपण आम्ही देहूरोडला लहानशा लेथशॉपमध्ये करून घेतले. १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवडला मोठे वाहन कारखाने आले, त्यांच्यामागे सुटे भाग करणारी वर्कशॉप उभी राहिली. एकच नग करून देणारा टर्नर ह्या पट्ट्यात अजून भेटतो.

त्याने आधी गेज लावून आटे मोजले. आठ मिलिमीटरच्या बोल्टाचा नेहमीचा पिच सव्वा मिलिमीटर, बारीक आट्यांचा एक. नजरेला दोन्ही सारखेच, पण चुकीचे आवळले की आटे गेलेच समजा. आमचे बारीक निघाले. मग पोलादी षटकोनी बार चकमध्ये धरून तोंड सपाट केले, सात मिलिमीटरचे भोक आरपार न जाऊ देता पाडले आणि टॅप फिरवला. काठाखाली तांब्याचा नवा वायसर घातला. आतला कीस धुऊन काढला, कारण तो डिझेलबरोबर टाकीत गेला असता.

सभासदांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) टोपण फक्त मोकळ्या टोकाला. परतीची वाटच बंद केली तर दाब साठतो, नळ्या सुटतात.

२) रबरी नळी डिझेलला टिकणारी, नायट्राइलचीच घ्यावी. पाण्याची नळी डिझेलने फुगते.

३) कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्या वर असतो आणि काहींच्या परतीच्या नळीतही ठराविक दाब लागतो. तिथे लेथवरचे टोपण नको. कंपनीचाच भाग आणि जाणता मेस्त्री हवा.

४) टोपण बसवल्यावर इंजिन चालवून, बंद करून, कोरड्या फडक्याने पुसून पाहावे.

तुटलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा, हे आम्ही दर बैठकीत सांगतो. ट्रॅक्टर वाटेत उभा राहिला की वजन घटते आणि उताराही. तेव्हा मोळी पडण्याआधी सभासदांनी व वाहतूकदारांनी बॉनेट उघडून ही नळी एकदा पाहून घ्यावी, ही विनंती.