तासिकेबाहेरचे महाविद्यालय

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे गाव पूर्णा आणि नांदेड यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर वसलेले आहे. बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या येथील मुलामुलींना पदवी शिक्षणासाठी एका बाजूस पूर्णा आणि परभणी, तर दुसऱ्या बाजूस नांदेड अशा वाटा खुल्या आहेत. पूर्वी परिस्थिती अशी नव्हती. निजामी राजवटीत पदवीसाठी मराठवाड्यातील विद्यार्थ्यास बहुधा हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय व नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना होऊन परभणी जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला.

महाविद्यालय अशा रीतीने गावाजवळ आले. तथापि प्रवेश मिळणे आणि अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. घरातून प्रथमच महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी मागे पडला, तर दोष त्याच्या बुद्धीला दिला जातो. वास्तविक अनेकदा उणीव असते ती अभ्यासाच्या पद्धतीची.

अर्धा अभ्यास वर्गाबाहेर

शाळेत पाठ, गृहपाठ, उजळणी आणि चाचणी यांचा क्रम शिक्षक ठरवितात. महाविद्यालयात ही जबाबदारी बव्हंशी विद्यार्थ्यावर येते. मात्र हा बदल त्यास कोणी स्पष्ट करून सांगत नाही. श्रेयांक, म्हणजेच विद्यार्थी ज्याला क्रेडिट म्हणतात, त्या पद्धतीच्या हिशेबावरून तो सहज ध्यानात येईल. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका श्रेयांकासाठी एकूण ३० तासांचे अध्ययन अपेक्षित आहे. सैद्धान्तिक विषयात त्यांपैकी १५ तास वर्गातील अध्यापनाचे असतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयासाठी ६० तास वर्गात, तर तितकेच तास विद्यार्थ्याने स्वतः द्यावयाचे असतात.

असे पाच विषय आणि १५ आठवड्यांचे सत्र धरल्यास स्वाध्यायासाठी आठवड्याला २० तास, म्हणजे दररोज सुमारे तीन तास लागतात. परीक्षेपूर्वीच्या दहा-पंधरा दिवसांत ही भरपाई होणे अशक्य आहे. पेरणीचा वाफसा निघून गेल्यावर कितीही राबले तरी पीक साधत नाही, हे शेतकरी कुटुंबास वेगळे सांगावे लागत नाही.

वाचन आणि आठवण

हे तीन तास कसे वापरावेत, हा पुढचा प्रश्न. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले, की पाठ केलेल्या मजकुराचा बराचसा भाग पहिल्या काही तासांत व पहिल्या दिवसातच विसरला जातो. पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. यास्तव तासिकेत घेतलेली टिपणे त्याच दिवशी एकवार पाहणे श्रेयस्कर ठरते. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने उजळणी करावी. एकाच दिवशी सलग चार तास वाचण्यापेक्षा तेच चार तास चार दिवसांत विभागणे अधिक लाभदायक असते.

उजळणी म्हणजे केवळ पुनर्वाचन नव्हे. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनःपुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. परंतु आठवड्यानंतर, पुस्तक मिटून मजकूर आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना ‘हे मला येते’ असा जो भास होतो, तो फसवा असतो. सबब एक प्रकरण वाचून झाल्यावर पुस्तक बंद करून त्यातील मुद्दे कोऱ्या कागदावर लिहावेत आणि नंतर पुस्तकाशी ताडून पाहावेत. आपल्याकडे श्रवणानंतर मननाची पायरी सांगितली आहे, तिचाही आशय याहून फार निराळा नाही.

भाषेची अडचण

मराठी माध्यमातून येऊन विज्ञान अथवा वाणिज्य शाखेचे इंग्रजी पाठ्यपुस्तक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यास दुहेरी श्रम पडतात. त्याने प्रथम विषय मराठीतून समजून घ्यावा व मग इंग्रजी मजकूर वाचावा. याकामी मराठी विश्वकोश आणि राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपयुक्त असून ते भ्रमणध्वनीवरही विनामूल्य पाहता येतात. प्रत्येक विषयाची स्वतंत्र शब्दवही ठेवून दररोज पाच पारिभाषिक शब्द जरी अर्थासह लिहिले, तरी सत्राअखेर चारशेहून अधिक शब्दांचा संग्रह होतो.

गावाचा वाटा

दररोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस गाडीच्या वेळांशी बांधलेला असतो. स्थानकावरील प्रतीक्षा आणि प्रवास यांत मागील पाठाचे मुद्दे आठवणे किंवा शब्दवही चाळणे शक्य असते. नवीन व अवघड प्रकरणासाठी मात्र शांत जागा हवी. दोन खोल्यांच्या घरात ती मिळत नाही. मुलींच्या बाबतीत तर घरी पोहोचताच स्वयंपाक व पाणी भरण्याचे काम पुढे उभे राहते आणि स्वाध्यायाचे तीन तास प्रथम त्यांच्याच वाट्यातून कापले जातात.

येथे ग्रामपंचायत व शिक्षक यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. सायंकाळी रिकामी असणारी शाळेची एक खोली, खात्रीचा दिवा, काही मेजे आणि देखरेखीस एक जबाबदार व्यक्ती एवढ्यावर अभ्यासिका सुरू होऊ शकते. जेथे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेले ग्रंथालय असेल, तेथे त्याच्या वेळा विद्यार्थ्यांच्या सोयीने ठरविता येतील. मुलींसाठी अभ्यासिकेची वेळ उजेडातील असावी किंवा त्यांना घरी पोहोचविण्याची व्यवस्था असावी. माध्यमिक शिक्षकांनी बारावीनंतरच्या सुट्टीत टिपणे कशी घ्यावीत आणि वेळापत्रक कसे आखावे, याचे दोन-तीन वर्ग घेतले, तर पहिल्या सत्रातील गोंधळ बराच टळेल.

पालकांचीही समजूत घालावयास हवी. मुलगा किंवा मुलगी पुस्तक मिटून कोऱ्या कागदापुढे विचार करीत बसली असेल, तर ती रिकामी बसली आहे असे समजून तिला कामाला लावू नये. शुल्क, पुस्तके व प्रवास यांवर कुटुंब जो खर्च करते, त्याचे चीज होण्यासाठी तिला रोजचे हे तीन तास मिळणे आवश्यक आहे.