ग्रामसेवक अधिकारी झाला, सेविका कधी?

ब्रिटनच्या संसदेने १९७५ साली लिंगभेदविरोधी कायदा केला. जाहिरातीत 'वेटर', 'सेल्सगर्ल', 'पोस्टमन' किंवा 'स्टुअर्डेस' असे एकाच लिंगाचे पदनाम छापले आणि जागा दोघांनाही खुली असल्याचा खुलासा सोबत नसला, तर भेदभावाचाच हेतू धरला जाईल, असे त्यात नमूद होते. पुढे तिथे फायरमनचे फायरफायटर झाले. १९७५ सालीच २ ऑक्टोबरला भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि आपल्याकडे अंगणवाडी सेविका हे पद गावोगावी पोचले. फक्त बायकांसाठी, मानधनावर.

या अंगणवाडीचे मूळ डहाणू तालुक्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. वस्तीवरची पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी तिथे कुरणशाळा भरली. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने यांवर मुले मोजायला शिकली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री. देशाने त्यांना शिक्षणतज्ज्ञ मानले.

मग तेच काम पुढे नेणारी बाई सेविका कशी ठरली? ती मुलांना शिकवते, त्यांची वजने घेते, आहार देते, गरोदर बायकांच्या घरी जाते, शिवाय मोबाइलवर सगळ्या नोंदी भरते. पण सेवा म्हटले की पगार मागणे अवघड होते. तिला आणि मदतनीस बाईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. लहान मूल सांभाळणे हे बाईचेच काम, हा समजही या पदाने पक्का केला. गावातल्या एखाद्या तरुणाला ते करावेसे वाटले तरी त्याला अर्जच करता येत नाही.

स्त्रीलिंगी नावातच कमीपणा असतो, असे मात्र मुळीच नाही. डहाणू-तलासरीच्या वारली लग्नात धवलेरी बाई असते. ती गाणी म्हणत विधी पार पाडते आणि सगळा मांडव तिचे ऐकतो. तिथे नाव बाईचे आणि अधिकारही बाईचा. सेविकेला नाव मिळाले, अधिकार मिळाला नाही.

राज्य सरकारने २०२४ साली ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी हे पद केले. म्हणजे 'सेवक' पुसता येतो. तसेच अंगणवाडीतल्या पदाला बालशिक्षक म्हणावे, ते स्त्री-पुरुष दोघांना खुले करावे आणि त्याला शिक्षकाची वेतनश्रेणी लावावी. पगार न वाढवता नुसती पाटी बदलणार असाल, तर तसदी घेऊ नका.