अंगणातील मुंग्या : मारण्याआधी ओळखा



कॅनडात पेसाहच्या सुमारास बर्फ वितळतो, मातीला ऊब येते आणि घरामागच्या अंगणात मुंग्या दिसू लागतात. हिवाळाभर त्या मेलेल्या नसतात. गोठलेल्या थराच्या खाली, खोल मातीत किंवा लाकडाच्या पोटात त्या निपचित पडून असतात. फरश्यांच्या फटीतून वाळूचे बारीक ढीग वर आले की समजावे, वारूळ जागे झाले.

मागल्या वर्षी आमच्या मागच्या दारासमोरच्या फरशीवर पाय ठेवला आणि ती एका बाजूने खचली. दाराची मूठ हाताला लागली म्हणून निभावले. मुलाने फरशी उचलून पाहिली, तर खालची वाळू मुंग्यांनी पोखरून बाहेर आणून टाकलेली. आपल्या वयात पडणे म्हणजे कित्येकदा खुब्याचे हाड, इस्पितळ आणि काठी. तेव्हापासून मुंग्यांचा विषय मी क्षुल्लक मानत नाही. जे वाचले, विचारले आणि करून पाहिले ते इथे सांगतो.

मुंबईत किंवा अलिबाग-पेणकडे आपल्या घरी उपाय ठरलेले होते. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, उंबऱ्याला हळदीची रेघ, आणि फारच झाले तर गॅमॅक्सीनची पावडर. मलिद्याचे ताट मांडले की त्याच्याभोवती कोणीतरी लक्ष ठेवूनच असे. इथे अंगण मोठे, माती वेगळी, मुंग्या वेगळ्या आणि कायदाही वेगळा. म्हणून उपायही वेगळा करावा लागतो.

एक जुना प्रयोग

'मिश्ले'मध्ये शलोमो राजाने आळशी माणसाला मुंगीकडे पाहायला सांगितले आहे, आणि मुंगीवर कोणी राजा नसतो असेही तिथे म्हटले आहे. तालमूदात, हुलीन या भागात, रब्बी शिमोन बेन हलाफ्ता यांची गोष्ट येते. हे गृहस्थ कोणतीही गोष्ट स्वतः पडताळून पाहणारे होते. मुंग्यांना खरोखरच राजा नाही का, हे पाहायला ते तम्मुझच्या उन्हात वारुळाजवळ गेले आणि वारुळावर आपला झगा पसरला. एक मुंगी बाहेर आली. तिच्यावर त्यांनी खूण केली. सावली पडल्याची बातमी घेऊन ती आत गेली आणि बाकीच्या मुंग्या बाहेर आल्या. तेवढ्यात त्यांनी झगा उचलला. ऊन लागताच मुंग्यांनी त्या खबर आणणारीला मारून टाकले. राजा असता तर त्याच्या हुकुमाशिवाय त्यांनी असे केले नसते, असा निष्कर्ष रब्बींनी काढला. त्यावर शंका घेणारेही तालमूदातच आहेत.

आजचे शास्त्र या बाबतीत शलोमो राजाच्या बाजूचे आहे. वारुळात राणी असते, पण ती हुकूम देत नाही, फक्त अंडी घालते. बाहेर रांगेत दिसतात त्या कामकरी मुंग्या, आणि त्याही वारुळातील थोड्याच. त्यांच्यावर फवारा मारला, पायाने चिरडल्या, तरी आत राणी नव्या मुंग्या जन्माला घालतच राहते. बागेत राहणाऱ्या काळ्या मुंगीच्या एका जातीची राणी प्रयोगशाळेत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. म्हणजे मुंग्या मारणे आणि वारूळ घालवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

म्हणून माझे पहिले सांगणे हेच, की रब्बी शिमोनांप्रमाणे आधी नीट पाहा. मुंगी कोणती, जाते कुठे आणि खाते काय, हे कळल्यावाचून बाटली हातात घेऊ नका.

आपल्या अंगणातील मुंगी कोणती?

पहिली, फरशीखालची मुंगी. लांबी सुमारे ३ मिलिमीटर, रंग गडद तपकिरी. ही युरोपातून आलेली आहे. पॅटिओ, ड्राइव्ह-वे आणि पायवाटेच्या फटीत वाळूचे ढीग करते. घराला तिच्यापासून धोका नाही, पण फरशी खचते.

दुसरी, लॉनमधील मुंगी. गवतात मातीचे छोटे उंचवटे करते. माती भुसभुशीत करते आणि इतर किडे खाते. उंचवटा पायाला अडखळत नसेल, तर तिच्या वाटेला न गेलेलेच बरे. पिओनीच्या कळ्यांवर मुंग्या दिसतात त्याही निरुपद्रवी. त्या कळीवरचा गोड रस पितात, फुलाला इजा करत नाहीत. मात्र गुलाबावर किंवा फळझाडावर मुंग्यांची रांग चढत असेल, तर पानामागे मावा आहे का ते पाहा. मावा गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या त्यासाठी येतात. पाण्याच्या जोरदार धारेने मावा धुऊन काढला की रांग कमी होते.

तिसरी, सुतार मुंगी. हिला आपण सरळ मुंगळा म्हणावे. भारतातला आपला काळा मुंगळा आणि ही एकाच कुळातली. लांबी ६ ते १३ मिलिमीटर, बहुधा काळी, आणि रात्री अधिक फिरते. ही लाकूड खात नाही, पण ओलसर, मऊ झालेले लाकूड कोरून त्यात घर करते आणि भुसा बाहेर टाकते. अंगणातील जुन्या बुंध्यात तिचे मूळ घर असते आणि घराच्या भिंतीत शाखा असू शकते. एक खूण लक्षात ठेवा. बाहेर बर्फ असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरात मुंगळे फिरताना दिसले, तर वारूळ बहुधा घरातच आहे.

चौथी, युरोपियन फायर अँट, म्हणजे डंख करणारी लाल मुंगी. लांबी सुमारे ५ मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी. टोरोंटो परिसरात आणि कॅनडाच्या इतर काही भागांत ती आहे. हिचे वारूळ उंच नसते. दगडाखाली, पडलेल्या ओंडक्याखाली, ओल्या मातीत लपलेले असते. नकळत हात पडला तर अनेक जणी एकदम डंख करतात. कोकणातले हुमले ज्यांनी अंगावर घेतले आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. अंगावर गांधी उठून श्वास लागला, ओठ किंवा घसा सुजला, तर थांबू नका, ९११ ला फोन करा.

वारूळ कसे घालवावे

आधी त्यांचे खाणे ओळखा. एका पुठ्ठ्यावर थेंबभर मध आणि दुसऱ्यावर थोडे शेंगदाण्याचे लोणी किंवा डब्यातली ट्यूना ठेवा. संध्याकाळी तासाभराने पाहा, गर्दी कुठे आहे. पिल्ले वाढत असतात तेव्हा वारुळाला प्रथिने लागतात, इतर वेळी गोड. ज्यावर गर्दी होईल त्या प्रकारचे आमिष दुकानातून आणा.

आमिषाचे तत्त्व समजून घ्या. त्यातले विष मुद्दाम मंद ठेवलेले असते. कामकरी मुंगी ते पोटात साठवून घरी नेते आणि तोंडातून तोंडात इतरांना, पिल्लांना, शेवटी राणीला देते. विष जलद असते तर ती वाटेतच मेली असती. म्हणून आमिष ठेवल्यावर पहिले काही दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतात, त्याने घाबरू नये. रांग पुसू नये, जवळ फवारा मारू नये, साबणाने धुऊ नये. संपले की नवे ठेवावे. आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्तही लागतात.

मुंग्या थांबल्यावर फरशीचे काम. खचलेली फरशी उचलून खाली दगडाची बारीक भुकटी ठोकून बसवतात आणि फटीत पॉलिमेरिक सँड भरतात. ही वाळू पाणी मारल्यावर घट्ट बसते आणि मुंग्यांना पुन्हा पोखरणे अवघड जाते. हे काम तुम्ही करू नका. मुलाला, नातवाला किंवा कारागिराला सांगा. तोवर त्या फरशीवर खुर्ची किंवा मोठी कुंडी ठेवा, म्हणजे कोणाचा पाय पडणार नाही.

मुंगळ्यांसाठी ओल शोधा. पन्हाळीचे पाणी पायाशी मुरते का, डेकची फळी कुजली आहे का, झाडाची फांदी छपराला टेकते का, हे पाहा. आपल्याकडे आणखी एक जागा असते. सुक्कोथ झाल्यावर सुक्काची लाकडे ओलीच घराच्या भिंतीला टेकवून ठेवली जातात आणि वर्षभर तिथेच राहतात. मुंगळ्यांना याहून चांगले आमंत्रण नाही. लाकडे वाळवा आणि जमिनीपासून उचलून, घरापासून दूर ठेवा. घरात वारूळ असल्याची शंका आली, तर परवाना असलेल्या माणसालाच बोलवा आणि सही करण्याआधी मुलांना दाखवा.

उकळते पाणी ओतण्याचा उपाय अनेक जण सांगतात. त्याने वरच्या मुंग्या मरतात, गवतही मरते, पण राणी खोल असते. आणि जड भांडे घेऊन पायऱ्या उतरताना भाजण्याचा धोका आपल्यालाच.

काय आणू नये, काय करू नये

मुंबईहून येताना बॅगेत मुंग्यांचा खडू आणणारे पुष्कळ आहेत. तो आणू नका. त्यात कीटकनाशक असते, कॅनडात त्याची नोंदणी नाही, आणि तो दिसतो अगदी शाळेच्या खडूसारखा. नातवंडे त्याने फरशीवर चित्रे काढतील. गॅमॅक्सीनची तर गोष्टच सोडा. त्यातले लिंडेन २००९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले.

बोरिक पावडर आणि साखर घरी मिसळण्याचा उपायही करू नये. बोरिक अॅसिडच्या घरगुती मिश्रणांपासून दूर राहा, असा सल्ला हेल्थ कॅनडाने जुलै २०१६ मध्ये दिला. त्याचा परिणाम प्रजननावर आणि पोटातल्या बाळाच्या वाढीवर होऊ शकतो. बंद डबीतले तयार आमिष वेगळे, कारण त्यात हात लागत नाही. डबीवर कीटकनाशक नोंदणीचा क्रमांक आहे का आणि बाहेर वापरण्यास परवानगी लिहिली आहे का, एवढे पाहून घ्या. अक्षरे बारीक असतात, दुकानात कोणाकडून तरी वाचून घ्या.

इथल्या दुकानात जालीम औषध का मिळत नाही, असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे मूळ क्वेबेकमधल्या हडसन या छोट्या गावात आहे. तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जून अर्विन यांनी १९८५ पासून गावसभेत फवाऱ्यांविरुद्ध सतत आवाज उठवला. १९९१ साली गावाने नुसत्या शोभेसाठी कीटकनाशके वापरण्यावर बंदी घातली. फवारणी कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जून २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. पुढे ऑन्टारिओत २२ एप्रिल २००९ पासून तशी बंदी प्रांतभर आली. आरोग्याला धोका असेल किंवा इमारतीचे नुकसान होत असेल, तर तिथे अपवाद आहेत.

चुकून कोणी, विशेषतः लहान मुलाने, आमिष तोंडात घातले तर विषबाधा केंद्राचा क्रमांक १-८४४-७६४-७६६९, आणि क्वेबेकमध्ये १-८००-४६३-५०६०. हे क्रमांक फोनजवळ लिहून ठेवा.

रब्बान शिमोन यांची माती

आपल्या शास्त्रात वारूळ घालवण्याचा उपायही आहे. तालमूदातील मोएद काटान या भागात, सणाच्या मधल्या दिवसांतही मुंग्यांची बिळे नष्ट करता येतात असे सांगितले आहे, कारण त्यांनी पिकाचे नुकसान होते. कसे करावे? रब्बान शिमोन बेन गमलिएल म्हणतात, एका बिळाची माती दुसऱ्या बिळात टाकावी, म्हणजे मुंग्या आपसात लढून मरतील. पुढे अबाये यांच्या नावाने अट येते की बिळे नदीच्या दोन काठांवर हवीत, मध्ये पूल किंवा फळीसुद्धा नसावी. म्हणजे जवळच्या मुंग्या एकमेकींना ओळखतात, हे त्यांना ठाऊक होते. आजही शास्त्रज्ञ सांगतात की प्रत्येक वारुळाचा वास वेगळा असतो आणि परक्या वासाच्या मुंगीवर हल्ला होतो. वसंतात पायवाटेवर फरशीखालच्या मुंग्यांच्या झुंडी लढताना दिसतात, त्या याच कारणाने.

पण हा उपाय कॅनडात करू नका. इथली डंख करणारी लाल मुंगी मातीतून आणि कुंड्यांतूनच नव्या जागी पसरते. एका अंगणाची माती दुसऱ्या अंगणात नेणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरी वारूळ पोचवणे. कोणी प्रेमाने रोप दिले, तरी कुंडीच्या तळाशी आधी पाहा.

त्या चर्चेतून घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. नुकसान होत होते म्हणून परवानगी मिळाली. फरशी खचते, भिंत पोखरली जाते, डंखाने जीव धोक्यात येतो, तिथे वारूळ अवश्य घालवा. गवताच्या कोपऱ्यात जी आपले काम करते आहे, तिला राहू द्या. आणि शब्बाथला ताटावर मुंग्या आल्याच, तर ताट उचलून दुसरीकडे न्या. आमिषाचे काम रविवारी करता येईल.

शालोम.