संगणकाची पहिली जाग

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर विंडोज अवतरेपर्यंतचे क्षण आपण केवळ वाट पाहण्यात घालवितो. वस्तुतः यंत्र कोणाचे ऐकणार, हे त्याच क्षणांत ठरत असते. स्मृती शाबूत आहे काय, कळफलक जोडला आहे काय, कार्यप्रणाली कोठून उचलावयाची, ही चौकशी करणारी आज्ञावली मुख्य पाटीवरील चिपमध्येच साठविलेली असते. हेच फर्मवेअर. आय.बी.एम.च्या १९८१ सालच्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये त्याला ‘बायॉस’ म्हणत. आता त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे.

त्या पहिल्या यंत्रात काय काय जोडले आहे, हे पाटीवरचे चिमुकले खटके सरकवून सांगावे लागे. १९८४ च्या ‘एटी’त ही माहिती बॅटरीवर जगणाऱ्या ६४ बाइटांच्या स्मृतीत गेली; त्यातलाही काही भाग घड्याळाचा. बॅटरी संपली की यंत्र तारखेसकट सारे विसरे.

पोर्ट म्हणजे बाहेरच्या साधनाशी बोलण्याची खिडकी. जुन्या यंत्रांत प्रत्येक खिडकीला एक पत्ता असे आणि प्रोसेसरला हाक मारण्यासाठी एक घंटा. या घंटेला आयआरक्यू म्हणत. गंमत अशी की, कॉम-१ व कॉम-३ यांचे पत्ते निराळे, पण घंटा एकच, चौथ्या क्रमांकाची! कॉम-१ वर माउस आणि कॉम-३ वर मोडेम असला, की मोडेमने दूरध्वनी लावताच माउस थिजून जाई. दोष बिचाऱ्या माउसवर येई. वास्तविक सेटअपमध्ये पाटीवरचा रिकामा कॉम-२ बंद करून ती जागा आतल्या मोडेमला दिली, की भांडण मिटत असे.

यूएसबी आल्यावर असले तंटे बव्हंशी संपले. प्रश्न उरला तो सुरक्षिततेचा. सुरुवातीच्या क्रमात पेन ड्राइव्ह पहिला असेल, तर कोणीही स्वतःची कार्यप्रणाली घेऊन येतो. विंडोजचा पासवर्ड विचारलाच जात नाही, आणि तबकडी सांकेतिक केलेली नसेल तर त्यावरचा प्रबंध त्याच्यासमोर उघडा! म्हणून सामायिक यंत्रावर अंतर्गत तबकडीला पहिला मान द्यावा, यूएसबीवरून सुरू होण्याची मुभा काढावी आणि सेटअपला पासवर्ड घालावा. अर्थात ही नुसती कडी आहे, कुलूप नव्हे. कित्येक डेस्कटॉपांत बॅटरी काढली की तो पासवर्डही पुसला जातो. तेव्हा पेटीलाही कुलूप हवे.

सेटअपमध्ये शिरण्यासाठी यंत्र सुरू होताच बहुधा ‘डिलीट’ किंवा ‘एफ-२’ दाबावे लागते. काही बदलण्यापूर्वी जुनी मांडणी वहीत उतरून घ्यावी.