फजरच्या आधीची मोरी

फजरच्या आधी घर झोपलेलं असतं. अब्बा अंधारातच वुजूला उठतात. मोरीतली शहाबादी फरशी ओली, धरायला काही नाही. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, की पुढे अंघोळीलाही दुसऱ्याचा हात लागतो.

या भीतीनं आपण त्यांना खाटेवरच बसवतो. ‘तुम्ही उठू नका’ म्हणतो, आणि बसून बसून पाय आणखी अशक्त होतात. त्यापेक्षा मोरीच्या भिंतीत लोखंडी दांडा बसवा, वुजूसाठी स्टूल ठेवा, रात्री बारीक दिवा राहू द्या. गुडघे साथ देत नसतील तर नमाज खुर्चीवर होते. मशिदीपर्यंतचं चालणं मात्र, जमेल तोवर, बंद करू नका.

गावाबाहेर पडणंही हवंच. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक यांचा उरूस असतो. जिंतूर-गंगाखेडच्या दादीला यायचं असेल तर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं. वयाचं ओळखपत्र जवळ हवं. काठी, चष्मा, श्रवणयंत्रासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. ते त्यांच्याच खात्यात जमा होतात. पासबुकही त्यांच्याच उशाशी असू द्या.