‘मुळशी पॅटर्न’मधील बाप

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा बोलपट २०१८ सालीं आला, तेव्हां बहुतेकांनीं तो गुंडांचा पट म्हणूनच पाहिला. आमच्या मतें ती एका मोडलेल्या घराची कथा होय. जमीन विकून पैसा संपवून बसलेला पाटील अखेर त्याच जमिनीवर पहारेकरी होतो. मोहन जोशी यांनीं हा बाप असा उभा केला आहे कीं, मुलगा राहुल वाममार्गास कां लागला हें निराळें सांगावें लागत नाहीं. १९२१ सालीं सेनापति बापटांच्या मागें उभे राहून मुळशीकरांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तेव्हां जमीन हिरावली गेली. येथें बाप ती स्वतः विकतो. मारामारी मात्र अंमळ अधिकच आहे. लहानांस दूर ठेवून वडीलधाऱ्यांनीं तो पाहावा.