व्ही-ट्विन मोटारसायकलीच्या स्विंगआर्ममधील सुधारणा : दृढता, भूमिती आणि मर्यादा

मोटारसायकलीचे मागचे चाक ज्या झुलत्या भुजेने सांगाड्यास जोडलेले असते, तिला स्विंगआर्म म्हणतात. गॅरेजातील बोलीत तिलाच ‘चिमटा’ हे नाव आहे. उमरीच्या रस्त्यावर धावणाऱ्या शंभर सी.सी.च्या गाडीचा चिमटा आणि हजार सी.सी.च्या शर्यतीच्या गाडीची भुजा यांचे तत्त्व एकच होय. तथापि दुसऱ्या प्रकारात भुजेवर येणारी बले कितीतरी मोठी असतात व म्हणून ती बदलून अधिक भक्कम बसविण्याकडे कल दिसतो. अधिक दृढ भुजा ती अधिक चांगली, ही त्यामागील समजूत अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. व्ही-ट्विनची विशेष अडचण

ज्या व्ही-ट्विन एंजिनात दोन सिलिंडर गाडीच्या लांबीच्या दिशेने ९० अंशांचा कोन करून बसविलेले असतात, ते एंजिन लांबीला बरेच होते. पुढचा सिलिंडर पुढच्या चाकाकडे झुकतो, गिअरपेटी मागे सरकते आणि भुजेसाठी जागा थोडी उरते. होंडाने १९९७ साली आणलेल्या व्हीटीआर १००० एफ या गाडीत तर भुजेचा कीलक सांगाड्यात नसून एंजिनाच्या कवचातच बसविलेला आहे. शिवाय अशा एंजिनात स्फोटांमधील अंतर समान नसते, ते २७० व ४५० अंश असे आळीपाळीने येते. त्यामुळे चेनची ओढ धक्क्याधक्क्याने येते. चेन एका बाजूस असल्याने ही ओढ भुजेला वाकवते व पीळही देते.

महाराष्ट्रात या वर्गाचे ओळखीचे उदाहरण म्हणजे ह्योसंगची ६४७ सी.सी.ची जीटी ६५०. २०१० नंतरच्या दशकात ती सातारा जिल्ह्यातील वाठार येथे सुट्या भागांपासून जुळविली जात असे.

२. दृढता कशाने वाढते

पोलादाचा स्थितिस्थापकता-गुणांक सुमारे २१० गिगापास्कल, तर ॲल्युमिनियमचा ७०. घनतेचे प्रमाणही जवळजवळ तसेच असल्याने वजनाच्या मानाने दोन्ही धातूंची दृढता सारखीच ठरते. म्हणजे केवळ धातू बदलल्याने लाभ होत नाही. लाभ होतो तो छेद मोठा करता आल्याने. पातळ भिंतीच्या बंद नळीचा व्यास वजन कायम ठेवून दीडपट केला, तर पिळाविरुद्धची दृढता सव्वादोन पट होते. पोलादी नळी इतकी पातळ केल्यास ती चेपण्याची भीती असते. ॲल्युमिनियमची भिंत त्याच वजनात सुमारे तिप्पट जाड राहू शकते. हेच त्याचे खरे बलस्थान होय.

परंतु दृढतेलाही मर्यादा आहे. वळणावर गाडी खूप कलली असता रस्त्याचा धक्का भुजेच्या हालचालीच्या प्रतलात येत नाही, तो बराचसा आडवा येतो. तेथे शॉकअपचा उपयोग थोडा. भुजेने किंचित आडवे लवूनच तो सोसावा लागतो. डुकाटीच्या १९९४ च्या ९१६ या व्ही-ट्विनने एकबाजू भुजा प्रतिष्ठित केली. २००३ च्या ९९९ मध्ये दुबाजू भुजा आली आणि २००७ च्या १०९८ मध्ये पुन्हा एकबाजू. याच संस्थेने २०२५ च्या चार सिलिंडरी पानिगालेमध्ये दुबाजू भुजा आणताना आडवी दृढता हेतुपुरस्सर कमी केली. पिळाविरुद्ध ताठ, आडव्या दिशेने किंचित लवचीक, असा हा तोल आहे.

३. लांबी बदलल्याचे परिणाम

उदाहरणादाखल ५५० मि.मी.ची भुजा घ्यावी; तिचा कीलक चाकाच्या आसापेक्षा १०० मि.मी. उंच आहे असे मानावे. शॉकअपची जोडणी न हलवता भुजा ४० मि.मी.ने लांबविली, तर पुढील फरक पडतात :

(अ) दोन्ही आसांतील अंतर १,४४० वरून १,४८० मि.मी. झाल्यास वेग घेताना मागे सरकणारा भार सुमारे २.७ टक्क्यांनी घटतो व पुढचे चाक उशिरा उचलते.

(आ) तरफ वाढल्यामुळे चाकाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा सुमारे १३ टक्क्यांनी उतरतो, कारण तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

(इ) भुजेचा उतार साडेदहा अंशांवरून पावणेदहाच्या आसपास येतो. वेग घेताना मागची बाजू बसू न देणारा परिणाम त्यामुळे क्षीण होतो.

म्हणजे चाळीस मिलिमीटरांच्या एका बदलाने स्प्रिंग, उंची व चेनची लांबी या सर्वांचा फेरविचार अटळ होतो.

४. कीलक आणि वेल्डिंग

नव्या भुजेहून झिजलेली बेअरिंगे अधिक घातक असतात. २०० मि.मी. अंतरावरील दोन बेअरिंगांत मिळून ०.२ मि.मी. ‘प्ले’ असल्यास ५५० मि.मी. दूर असलेल्या आसापाशी तो ०.५५ मि.मी. होतो. यास्तव पहिला खर्च बेअरिंगांवर करावा.

दुसरा धोका वेल्डिंगचा. ६०६१-टी६ या मिश्रधातूचे मूळ ताणबल सुमारे ३१० मेगापास्कल असते. पुन्हा उष्मासंस्कार न केल्यास सांध्यालगतच्या पट्ट्यात ते पुष्कळ कमी होते. पोलादाप्रमाणे ॲल्युमिनियमला थकव्याची निश्चित सुरक्षित मर्यादाही नसते. लहान आघातही दीर्घकाळात भेग पाडू शकतात. मराठवाड्यात काळ्या मातीवरील रस्ते पावसाळ्यात फुगून व उन्हाळ्यात आकसून लहरी होतात. अशा रस्त्यांवर हा विचार पुस्तकी राहत नाही. येथे भुजा हलकी असण्याचा लाभ मोठा, पण कच्च्या सांध्याची किंमतही तितकीच मोठी.

५. कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ दृढ केला. दोन आसांतील अंतर हा नोंदणीपत्रातील एक तपशील आहे. म्हणून लांब भुजा बसविणे हा केवळ यांत्रिकीचा प्रश्न राहत नाही.

सारांश, सुधारणेचा क्रम असा असावा : प्रथम बेअरिंगे, नंतर स्प्रिंग व शॉकअपची जुळणी, आणि त्यानंतरही उणीव मोजून सिद्ध झाली तरच मूळ लांबीची, उष्मासंस्कारित भुजा. मापनाशिवाय केलेला बदल हा प्रयोग होत नाही. त्याचा निकाल मात्र चालविणाऱ्याच्या जिवावर लागतो.